खाडीत सोडलेल्या सात वह्या

प्रिय रेश्मा,

सवयीने हात ‘चि.’ लिहायला गेला. लिहिलंही. मग खोडलं. कागद टाकला नाही, त्याच कागदाच्या पाठीवर लिहिते आहे. माझी सवय तुला माहीत आहे.

आज लिहायचं कारण, तुझ्या कॉलेजातल्या मॅडम रविवारी घरी येणार आहेत. तुला जाऊन चार महिने झाले. एवढ्यात मी त्यांच्याशी फोनवर तीनदा खोटं बोलले. रविवारी त्या समोर बसतील. त्याआधी तुला सांगायला हवं, कारण खोटं बोलले ते तुझ्याच वस्तूबद्दल.

तुझ्या वह्या घरात नाहीत. सातही वह्या मी कोन गावच्या खाडीत सोडल्या.

रागावलीस? रागाव, पण आधी ऐक.

त्या वह्या मीच शिवून दिल्या होत्या ना तुला. शाळेतल्या जुन्या वह्यांची कोरी पानं काढायची, दाभणाने शिवायची, वरून बाजूच्या यंत्रमाग कारखान्यातल्या कापडाच्या तुकड्याचं कव्हर. कॉलेजात मुली हसतात म्हणायचीस. पण लिहायचीस त्यांतच. पहिल्या पानावर मी ‘श्री’ काढायचे आणि दसऱ्याला पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचे. तू म्हणायचीस, “आई, आत सिनेमाबद्दल लिहिलंय गं.” मी म्हणायचे, असू दे. विद्या ती विद्या.

तुझी विद्या काय, हे लोकांना सांगताना माझी मात्र पंचाईत व्हायची. शेलार गावच्या तुझ्या आत्याने विचारलं होतं, पोरगी सिनेमात जाणार हाय काय? मी सांगितलं, नाही, पुस्तकातल्या गोष्टीवरून सिनेमा करतात, तेव्हा गोष्टीतलं काय राहतं आणि काय जातं, याचा अभ्यास करते. आत्याने जरा विचार केला आणि म्हणाली, त्याला कालेज कशाला, बाजूला बसवून घ्या, मी सांगते काय गेलं ते. तू किती हसली होतीस त्यावर.

पण बाजूला बसवलंस ते मला. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी बाजूचा कारखाना बंद व्हायचा, लूम गप्प, तेवढीच आपल्या खोलीला शांतता. माझा उपास असायचा. मी शेंगा सोलत बसायचे आणि तू गोष्ट वाचायचीस. मग पुढच्या शुक्रवारी त्याच गोष्टीचा सिनेमा दाखवायचीस आणि विचारायचीस, आई, काय वेगळं वाटलं? मी दहावी पास बाई. मला काय कळतंय, असं म्हणूनच मी सुरुवात करायचे.

त्या बाईची गोष्ट आठवते? मुलगा भांडून घरातून गेलेला, आणि ती गावाला सांगत राहते की तो मामाकडे आहे. वर्षं जातात, हिचं मामाकडे चालूच. गोष्टीत तो येत नाही. सिनेमात शेवटी येतो, पावसातून, पिशवी घेऊन. मला सिनेमा आवडला होता. म्हटलं, येऊ दे की पोराला, कुणाचं काय जातंय? तू म्हणालीस, “त्या बाईचं जातं, आई. तो आला की तिचं सगळं खोटं फुकट माफ होतं.” मला तेव्हा पटलं नव्हतं.

आणि त्याच सिनेमात ती बाई रडते तेव्हा मी सहज म्हणून गेले की हिचा भात उघडा आहे. चुलीवरून उतरवलाय आणि झाकण नाही. एरवी एवढी टापटीप बाई, भात झाकायला विसरली, म्हणजे हिचं चित्त ठिकाणावर नाही. मग रडायची काय गरज? तू सिनेमा थांबवलास. मागे नेऊन तो भात परत बघितलास. ‘तिला वाटलं’ असं गोष्टीत लिहिता येतं, पण वाटणं दाखवायचं कशाने, यावरच तू महिनाभर अडली होतीस, असं म्हणालीस. आणि वहीत लिहिलंस, ‘आईचं निरीक्षण’. खाली रेघ मारली होतीस, दोनदा.

शाळेत कुणी माझ्या वाक्याखाली रेघ मारली नव्हती गं.

मग मीच ते मोडलं. कल्याणचं स्थळ आलं तेव्हा तू म्हणालीस, प्रबंधाचं तिसरं प्रकरण पुरं होईपर्यंत थांबू या. मी चिडून म्हटलं, गोष्टी काय आणि सिनेमे काय, रिकामटेकड्यांचे धंदे. तू आवाज चढवला असतास तर बरं झालं असतं. तू नुसतं म्हणालीस, “मग शुक्रवारी बसत जाऊ नकोस.”

नंतरचे तीन शुक्रवार तू जिन्यात बसून लिहिलंस. सातवी वही ती. मी शेंगा सोलत होते, मधे दार उघडंच होतं. एकदा तरी आत ये म्हणायला माझं काय जात होतं? मला वाटलं, येईल आपली आपण. चौथ्या शुक्रवारी तुला ताप आला, आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी आपण हॉस्पिटलात होतो. तिथून तू घरी आली नाहीस.

तेराव्यानंतर तुझे कपडे दिले. वह्या कुठे ठेवायच्या? पूजेत मांडलेली, श्री काढलेली वही रद्दीत कशी घालायची? घरी ठेवावी तर दिसली की जीव जायचा. म्हटलं, निर्माल्य पाण्यात सोडतो तसं सोडू. तुझे बाबा राहनाळ गावातली ड्युटी करून आले होते. स्कूटर काढताना म्हणाले, “तिच्या मॅडमना एकदा इचारायचं न्हाय का?” मी म्हटलं, देवाच्या वस्तूला मॅडमना काय विचारायचं. त्यांनी स्कूटर सुरू केली. श्री काढलं म्हणून वही देवाची झाली, असंच मी धरून चालले होते. तुझी होती ती.

आणि सांगते, त्या बुडत नव्हत्या. कव्हरं फुगून वर येत होत्या. मी पायरीवर वाकून हाताने एकेक खाली दाबली.

महिन्याने मॅडमचा फोन आला. कॉलेज एक पुस्तक काढतंय, त्यात रेश्माचं तिसरं प्रकरण तिच्या नावाने घालायचंय. पहिली दोन टाइप केलेली त्यांच्याकडे आहेत, तिसरं तिच्या वह्यांत असणार. “ताई, तेच खरं तिचं काम होतं,” म्हणाल्या. मी म्हटलं, माळ्यावर असतील, शोधते. पुढच्या वेळी म्हटलं, घरात पाहुणे आहेत. तिसऱ्या वेळी म्हटलं, शेलारला आत्याकडे गेल्यात. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. मामाकडे आहे म्हणणारी ती बाई आणि मी, फरक काय राहिला?

मग वाटलं, आपल्यालाच आठवतंय ते लिहून काढावं. सगळ्या गोष्टी ऐकणारी मीच तर होते. देवापुढे दिवा लावून बसले. आठ दिवस रोज दुपारी लिहिलं. छान उतरलं असं वाटलं मला. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा पुसला, सगळं वाचलं, आणि म्हणाले, “हे वाचून वाटतं, पोरगी देवळात बसून अभ्यास करीत होती. आपली रेश्मा न्हाय ही.”

मला राग आला त्यांचा. परत वाचलं तेव्हा कळलं. पानापानावर तू हसते आहेस. दर वाक्यात ‘आई, तू बरोबर म्हणतेस’. तू असं कधी म्हणाली होतीस? तू तर म्हणायचीस, आई, हे चूक आहे, परत बघ. कल्याणच्या स्थळाचं भांडण मी गाळलं होतं. जिना गाळला होता. आणि सातव्या वहीत काय होतं तेसुद्धा लिहून टाकलं होतं मी, एक पूर्ण पान! तू मला माफ केल्याचं.

पोरगं पावसातून आणलं ना मीसुद्धा?

ते पान रद्द केलं. बाकीचं पुन्हा लिहायला घेतलं आहे. आता तू त्यात वाद घालतेस. दोन ठिकाणी माझी टिंगल करतेस, ती तशीच ठेवली आहे. तुझं कुठलं आणि माझं कुठलं, ते समासात लिहिते आहे. जिथे आठवत नाही तिथे जागा सोडते. जागा फार सुटतात गं. तुझे ते मोठे शब्द मी तेव्हाच नीट ऐकले असते तर! सहा वह्यांतलं मिळून जेमतेम बारा पानं भरली आहेत. त्यांचं प्रकरण होईल का, मला माहीत नाही. बहुतेक होणार नाही.

रविवारी मॅडम आल्या की आधी चहा ठेवणार नाही, आधी सांगेन. वह्या शेलारला नाहीत, मी खाडीत सोडल्या, माझ्या हाताने. मग ही बारा पानं देईन. सातवीबद्दल त्या विचारतीलच. तेव्हा सांगेन की त्या वहीत काय होतं ते मला ठाऊक नाही, तिने मला ती वाचून दाखवली नव्हती. आणि का दाखवली नव्हती, तेही सांगेन. हे वचन तुला देते.

तुझी
आई