जानेवारीचा आकडा

मालेगाव,
जि. वाशीम,
रविवार, ९ मार्च २०२५

ती. भागिरथाताईस,
सविनय जय भीम.

तुझी जानेवारीतली दोन्ही पत्रं टेबलावर आहेत आणि उत्तर लिहायला मी आज बसलोय. माफ कर. कॉलेजच्या ग्रंथालयाची तपासणी होती असं कारण देणार होतो. तपासणी होती हे खरं, पण ती केव्हाच संपली. मी गप्प राहिलो, कारण तुला नाही म्हणायचं होतं आणि तुला नाही म्हणायची मला सवय नाही.

तू लिहिलं होतंस की पुढच्या मार्चमध्ये साठ पूर्ण होतील, ट्रस्टच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी संपेल, पेन्शन काही नाही. तेव्हा माझ्या निवृत्तीच्या खात्यातला शेअरमधला वाटा आता सरकारी रोख्यांत वळव. पासवर्ड माझ्याकडे आणि ओटीपी तुझ्या मोबाइलवर, त्यामुळे एकट्याला काही करता येत नाही. ही व्यवस्था माझीच. पैशाचं फोनवर बोलायचं नाही, पत्रातच लिहायचं, हेही मीच ठरवलेलं, कारण फोनवर आपण एकमेकांची भीती वाढवतो.

ताई, तू लिहिलंस तेव्हापासून बाजार बराच उतरलाय. आमच्या कॉलेजातले धम्मपाल सर मोबाइलवर एक इशाऱ्यांचा ग्रुप चालवतात. लाल गोल आला की विका, हिरवा आला की थांबा. सध्या रोज लाल. या गृहस्थांना वाशीमची बस कधी वेळेवर सापडत नाही, पण बाजाराचा तळ मात्र सापडतो. मी त्यांना हसतो आणि थांबतो. आत्ता वळवलं तर तोटा कायमचा पदरात पडेल. जानेवारीला होता तो आकडा परत येऊ दे, मग लगेच करू. धीर धर.

भाऊजींच्या गुडघ्याचं कळव. साक्षीचे पेपर चालू आहेत. आत्याला सांगा म्हणाली, गणित बरं गेलं.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
रवी


अनसिंग,
१७ मार्च २०२५

चि. रवीस,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र भेटलं. दोन महिने पोरगा बोलत नाही म्हणून मी साक्षीच्या मायले विचारणार होती की हा बिमार आहे का. तू तर चांगला धडधाकट बसून माझा पैसा उतरताना पाहून राह्यला!

तुले एक आठवण देते. जानेवारीत मले कोन्या सरानं लाल गोल धाडला नव्हता. माझं वय झालं, एवढाच माझा इशारा. बाजार चढणार का पडणार हे मी तुले इचारलंच नव्हतं. मग तू त्याचं उत्तर कायले देऊन राह्यला?

धीर मले शिकवू नको. तुझ्या भाऊजींनी तीन सालांपासून सोयाबीन मागच्या खोलीत भरून ठेवलं आहे. एकदा भाव लय चढला होता, तोच पुन्हा येईन म्हणतात. खोलीत उंदरं झाले, माझी शिलाई मशीन बाहेर ओसरीत आली, पाहुणा आला तर निजवाले जागा नाही. विका म्हटलं तर म्हणतात, बाई, तुले धीर नाही. आता भाऊही तेच म्हणून राह्यला. एका बाईच्या नशिबी असे दोन माणसं काहून यावं?

रवी, रात्रपाळीनं माझे पाय सुजतात. साठीनंतर मी दुसऱ्या दवाखान्यात नोकरी मागत फिरणार नाही. ह्या खात्यावर मले जगायचं आहे आणि कोनापुढे हात पसरायचा नाही. माझ्यासाठी थांबून राह्यला, का तुझं बरोबर निघावं म्हणून? हे तू स्वतःले इचार.

सहा एप्रिलले रविवार आहे, मले सुटी आहे. सकाळी फोन हातात घेऊन बसते. तू फक्त ओटीपी माग.

भांडली तरी तुझीच,
ताई


मालेगाव,
मंगळवार, ८ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम.

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. रविवारी मी फोन केला नाही.

सकाळी खातं उघडलं होतं. पासवर्ड टाकला, बदलाच्या पानापर्यंत गेलो. तेवढ्यात धम्मपाल सरांचा हिरवा गोल आला. त्यांचं म्हणणं, पडायचं तेवढं पडून झालं, आता वर. मला वाटलं, दोन-चार दिवस थांबू, थोडं चढलं की करू. पान बंद केलं. काल सकाळी बाजार उघडला तोच आपटला. सरांनी दुपारी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं.

ज्याला मी हसत होतो त्याचंच मी ऐकलं. लाल गोल आले तेव्हा मला खोटे वाटले आणि हिरवा आला तेव्हा खरा वाटला, कारण तो माझ्या मनासारखा होता. काल संध्याकाळी डायरीत तुझा प्रश्न उतरवून घेतला. खरं सांगायचं तर मी तुझ्यासाठी थांबलो नव्हतो. मी जानेवारीच्या आकड्यासाठी थांबलो होतो, भाऊजी सोयाबीनच्या भावासाठी थांबतात तसा. मला निवृत्तीला अजून चौदा वर्षं आहेत. माझ्या खात्यात मी थांबू शकतो, बाजाराला माझ्यासाठी सावरायला वेळ आहे. तुला एक वर्ष आहे. माझ्या वयाचा धीर मी तुझ्या पैशाला लावला.

आता काय करू? वळवायलाही हात धजत नाही आणि न वळवायलाही. तू फोन घेऊन बसली असशील हे सारखं डोळ्यांपुढे येतं. यावेळी तू म्हणशील तेच.

आशीर्वाद मागायचा हक्क ठेवला असशील तर मागतो.

रवी


अनसिंग,
१६ एप्रिल २०२५

चि. रवीस,
आशीर्वाद व जय भीम.

हो, बसली होती. दुपारलोक बसली. मधात एक फोन आला तर तो गॅसवाल्याचा. मग जेवली आणि निजली. फोन मीबी करू शकत होती, पण मले पाहायचं होतं. राग तर असा आला होता की समोर असता तर कानच धरला असता. तुझं पत्र वाचून थोडा उतरला. सगळा नाही.

इकडची बातमी आइक. जयंतीच्या आधी तुझ्या भाऊजींनी गाडी बोलावली आणि सारं सोयाबीन मार्केटमध्ये नेलं. मी काही म्हटलं नव्हतं. मागच्या सालापेक्षाही कमी भाव भेटला. घरी आले, हातपाय धुतले, भाव सांगितला आणि झाडू घेऊन सोता खोली झाडाले लागले. जयंतीले पाहुणे आले ते त्याच खोलीत निजले. रात्री मले म्हणाले की खोली एवढी मोठी आहे हे मी भुललोच होतो. माझी मशीन आता खिडकीपाशी आहे.

आता माझं. वर्षात चार वेळा बदल करता येते, असं तूच सांगितलं होतं. तर चार हिस्से कर. पहिला मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, मग दर तीन महिन्यांनी एक. म्हणजे मार्चच्या आत सारं होऊन जाईन. बाजार चढला असो का पडला असो, त्या दिवशी करायचं. चढला तर मले सांगू नको, पडला तरी सांगू नको. आणि तुझा काही भरोसा नाही, म्हणून आकडा दिसते तिथं कागद लाव.

साक्षीले म्हणा, सुट्टीत ये. निजवाले खोली आहे आता.

कान अजून धरायचा बाकी आहे,
ताई


मालेगाव,
शनिवार, ३ मे २०२५

ती. ताईस,
सविनय जय भीम.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा पहिला हिस्सा वळवून झालेला असेल. तरी लिहितो, कारण लिहिल्यावर मला मागे फिरता येत नाही.

बाजार कुठे आहे हे सांगायचं नाही, ठरलंय. एवढंच सांगतो की धम्मपाल सर काल स्टाफरूममध्ये खुर्ची ओढून जवळ बसले आणि म्हणाले की या घडीला हात लावणारा माणूस वेडाच म्हणायचा. मी ग्रुपमधून बाहेर पडलोय याचं त्यांना वाईट वाटलं. मी त्यांना चहा पाजला. घरी येऊन तुला पत्र लिहायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीत लिहून गेलो की एक महिना थांबलो तर. तो कागद फाडला. हा दुसरा.

हात शिवशिवतो, ताई. खोटं कशाला लिहू. पुढच्या मार्चमध्ये कदाचित दिसेल की थांबलो असतो तर चार पैसे जास्त आले असते. तेव्हा मला ते सांगावंसं वाटेल. सांगू देऊ नकोस.

साक्षीनं स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर कागद चिकटवलाय आणि त्यावर लिहिलंय, आत्या बघत आहे.

कान धरायला म्हणून का होईना, मला जवळचा मान.

तुझा,
रवी

ता. क. डायरीत लिहून ठेवलंय, उद्याचं काम : ताईला फोन करून ओटीपी मागणे.