लागली की चुकली

आबा, तुम्ही तुमची ठासणीची बंदूक पौडच्या कचेरीत जमा केलीत, तेव्हा गावाला सांगितलंत की आता डोळ्यांना दिसत नाही. मीही ते खरं मानलं, म्हणजे खरं मानायचं ठरवलं. तुमच्या डोळ्यांना काहीएक झालेलं नव्हतं. त्यानंतरही कितीतरी वर्षं तुम्ही ओटीवर बसून समोरच्या टेकाडावर चरणाऱ्या गुरांमधली आपली तांबडी गाय नेमकी दाखवत होतात. बंदूक का दिलीत हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही ठाऊक होतं. आपण दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली. आता मी बावधनच्या फ्लॅटात राहतो, गुडघे धरलेत, आणि तुम्ही होतात त्यापेक्षा मी वयानं मोठा झालोय. तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की अजून सदरा नीट करावासा वाटतो.

रायफल घ्यायला आपण पुण्यात, लष्कर भागातल्या बंदुकांच्या दुकानात गेलो होतो, तो दिवस आधी सांगतो. मी तेव्हा चोविशीचा, कारखान्यात फिटर. लोखंडाला माप असतं आणि मापात बसेल तेच खरं, अशी माझी समजूत. पहिलंवहिलं सांबर मारायचं तर ते नव्या हत्यारानंच, या हट्टाला मी पेटलो होतो. परवान्याच्या चौकशीला तुम्हीच माझ्याबरोबर पौडला आला होतात. साहेबांनी विचारलं, तरण्या पोराच्या हातात रायफल द्यायची तर जबाबदारी कुणाची? तुम्ही टोपी काढून म्हणालात, "माजी. ह्यो जखमी जनावर रानात टाकून यायचा न्हाई, ह्यो माजा शब्द हाय." साहेब हसले, कारण त्यांनी जनावरांचं विचारलंच नव्हतं. मला मात्र लाज वाटली. बाप अडाण्यासारखं भलतंच बोलला, असं वाटलं.

दुकानदारानं काचेवर दोन हत्यारं ठेवली. एक बारा बोअरची दुनळी आणि एक तीनशे पंधराची रायफल. रायफलीवर बसवायला कुणी साहेब मायदेशी जाताना मागं ठेवून गेलेली दुर्बीण होती, चामड्याच्या डब्यात. तुम्ही दुनळी खांद्याला लावली, दोनदा खालीवर केली आणि म्हणालात, "ही घे. आपल्या कारवीच्या जाळीत जनावर तीस पावलांवर दिसतं आन् दिसतंय तवर जातं. नेम धराया येळच कुटं गावतो?" मग मी दिली म्हणून दुर्बीण डोळ्याला लावून दारातून रस्त्याकडं पाहिलंत. "समोरच्याच्या मिशा लई झ्याक दिसत्यात. पर मानूस कुटं उभा हाय, त्ये काय दिसंना." दुकानदार हसला. ते हसणं मला लागलं. त्याच्यादेखत मी म्हणालो, "आबा, तुमच्या ठासणीच्या जमान्यातलं आता मला शिकवू नका." तुम्ही दुनळी होती तशी काचेवर ठेवलीत आणि बाहेर जाऊन फरशीवर बसलात. परत येताना एसटीत पौडपर्यंत दुर्बिणीचा डबा मात्र तुम्हीच मांडीवर धरला होतात. काचेला हिसका बसू नये म्हणून खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरत होतात. ते हात मला आता फार दिसतात.

भातं निघाल्यावर, थंडी पडल्यावर हाकारा ठरला, म्हणजे गावानं डबे वाजवत रान उठवायचं आणि बंदूकवाल्यांनी वाटा धरून बसायचं. मी धरणाकाठच्या माळावर शंभर पावलांवर पत्र्याचा डबा ठेवून दुर्बिणीचा नेम जुळवला होता. दहातल्या नऊ गोळ्या डब्यात. शंभर पावलांवर मी बादशहा होतो. त्या सकाळी तुम्ही मला नाळेच्या, म्हणजे जनावरं उतरतात त्या अरुंद घळीच्या तोंडाशी, ऐनाच्या बुंध्याला बसवलंत. ती तुमची जागा. पंचवीस वर्षं त्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. तुम्ही वर कपारीला गेलात, जिथून काहीच निघत नाही. जाताना एवढंच म्हणालात, "बार झाला की आरोळी दे." ते मला सांगायची गरज नव्हती. आपल्याकडं बार झाला की ज्यानं मारली त्यानंच जागेवरून ओरडायचं, "लागली" नाहीतर "चुकली". दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. लागली म्हटलं की अख्खा हाकारा रक्ताच्या मागावर निघणार, मग एक दिवस लागो की तीन, जनावर मिळेपर्यंत घरी जाऊन जेवायचं नाही. चुकली म्हटलं की माणसं घरी. आणि ज्याचं जखमी जनावर रानात राहिलं, त्याच्या घरातलं कुणी पुन्हा नाळेवर बसायचं नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर कदाचित मी त्यातून पळवाट काढली असती.

डबे वाजतायत, माणसं ओरडतायत, आणि कारवी एकदम दुभंगते. सांबर माझ्यासमोर उभं. तीस पावलं कसली, वीसच असतील. मी दुर्बिणीला डोळा लावतो आणि मला नुसते केस दिसतात. तपकिरी, राठ केस, काचभर. खांदा कुठला, पोट कुठलं, काही कळत नाही. नुसत्या डोळ्यांनी बघायचं सुचत नाही, कारण दुर्बीण लावल्यावर नुसत्या डोळ्यांनी बघणं मला कमीपणाचं वाटत होतं. मी चाप ओढला. सांबर पाठीत वाकलं, उडी मारून खाली ओढ्याकडं गेलं. मी धावत त्या जागेवर पोचलो. कारवीच्या पानांवर रक्त होतं. काळपट, आणि त्यात चावलेल्या गवताचा हिरवा चोथा. त्याचा अर्थ तुम्हीच मला लहानपणी शिकवला होतात. पोटात लागलीय. जनावर आज मरणार नाही. उद्या, परवा, पाण्याजवळ पडून मरेल.

वरून हाक आली, "काय रं, काय झालं?" माझ्या डोळ्यांपुढं दुकानदार, रस्त्यावरच्या मिशा, ती दुनळी आणि उद्या चावडीवरची हसणारी माणसं. मी ओरडलो, "चुकली!" आणि बुटानं पाला ओढून रक्तावर टाकला. तुम्ही कपारीवरून उतरून आलात. मी पालथ्या पाल्यावर उभा होतो. तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहिलंत, मग बुटांकडं. "चुकली म्हंतोस?" "चुकली, आबा." "बरं." तुम्ही माणसांकडं वळून म्हणालात, "चुकली. चला घरला." कुणी दुर्बिणीवरून मला डिवचलं, तर तुम्ही त्यालाच दटावलंत, "हुतं आसं. पयला बार हाय त्येचा." दुपारच्या एसटीनं मी पुण्याला गेलो. खिडकीतून डोंगराकडं बघायचं टाळण्यासाठी झोपेचं सोंग घेतलं.

पुढचं मला आईनं सांगितलं, तेही पुढल्या खेपेला, भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता. "तुजा बाप तीन दिस रानात जात हुता. एकलाच. विचारलं तर म्हनं कुऱ्हाड इसारली. तिसऱ्या सांजंला आला, फावडं धुतलं, आन् ताटावरनं उठला." त्याच आठवड्यात तुम्ही बंदूक पौडला नेलीत. कुणालाच काही माहीत नव्हतं. तुम्ही एकदा माझी आरोळी मोडली असती तर गाव माझ्यावर चार दिवस हसून मोकळं झालं असतं. त्याऐवजी तुम्ही तो नियम गुपचूप आपल्या घराला लावून घेतलात. पुढं हाकारे झाले, तेव्हा तुम्ही ओटीवर बसून डब्यांचा आवाज ऐकत राहिलात. मी रायफलीला तेल लावत राहिलो आणि दरवेळी रजा नाही म्हणत राहिलो.

तुम्हाला मला विचारायचं होतं. मरणाच्या आदल्या महिन्यात, भर दुपारी, आई शेजारी गेलेली असताना तुम्ही विचारलंतही. "त्या सांबराचं… काय झालं हुतं रं?" तुम्ही मला दार उघडून दिलं होतंत, आबा. नुसतं आत यायचं होतं. मी तुमच्या पांघरुणाची दुमड सारखी करत म्हणालो, "चुकली होती, आबा." तुम्ही म्हणालात, "बरं." तोच शब्द, तोच आवाज. मग भिंतीकडं तोंड केलंत. सांबराचं मला वाईट वाटतंच, पण त्या दुपारचं जे वाटतं त्यापुढं ते काहीच नाही.

रायफल पुढं शिकारबंदीनंतर मीही जमा केली. दुर्बीण तेवढी राहिली. गॅलरीतून कधीकधी डोंगराकडं लावतो. मधल्या इमारतींच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात.

तुम्हाला अक्षरओळख नव्हती. घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवायचो, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. म्हणजे हेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. म्हणून आत्ता, हा कागद डब्यात दुर्बिणीखाली ठेवण्याआधी, मी तो मोठ्यानं वाचायला घेतला. इथवर सगळं वाचलं. मग शेवटी लिहिलेलं एक वाक्य राहिलं: लागली होती, आबा, पोटात. स्वयंपाकघरात सून होती. ते तेवढं मी मनातच वाचलं.