गार इंजिनाचा आवाज

मलांग,
२२ एप्रिल

प्रिय वुर्यानी,

सलाम. आईंच्या गुडघ्याला आराम पडला असेल असं धरून चालतो. इथे सगळं ठीक. कोंबडी माझ्या हत्यारांच्या पेटीत अंडी घालायला लागली आहे आणि पाना काढायला हात घातला की चोचीने हाणते.

फोन करू नका म्हणालीस, म्हणून लिहितोय.

गाडी टुलुंगागुंगच्या रस्त्यावर बंद पडली होती तिथून ओढून आणली, अंगणात उभी केली आणि इंजिनाचा पुढचा भाग उघडला. तुला कळावं म्हणून सांगतो. आत एक साखळी असते, टायमिंग चेन. इंजिनाचं खालचं फिरणं आणि वरच्या व्हॉल्व्हची उघडझाप ती जुळवून ठेवते. आपली ढिली पडली आणि दात सोडून सरकली. म्हणून त्या दिवशी इंजिन नुसतं फिरत होतं, सुरू काही होत नव्हतं. साखळी ज्या प्लास्टिकच्या पट्टीवरून घासत जाते, तिचे चार तुकडे ऑइलच्या तळाशी सापडले. म्हणजे दुखणं एका दिवसाचं नव्हतं.

दोष ऑइलचा. दुकानदाराने भेसळीचं गळ्यात मारलं असणार.

शेजारचे जुमादी रोज कुंपणावरून डोकावतात. काल म्हणाले, "अहो वागिमान, दुरुस्ती चाललीय की पोस्टमॉर्टेम?" मीही ऐकवलं, "सासऱ्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला हीच गाडी घेऊन बायकोला आणायला जाणार. बघाच." आता अख्ख्या गल्लीला माहीत झालंय.

तुझं सोतो सूपाचं मोठं पातेलं मी पार्ट भिजवायला घेतलं. रॉकेलचा वास काही जात नाही. नवीन आणतो.

तू तेगुहशी अजून बोलत नाहीस, असं आईंनी जुमादींच्या बायकोला फोनवर सांगितलं. सख्खा धाकटा भाऊ आहे. इतकं धरून बसू नये.

वागिमान


मलांग,
४ मे

प्रिय वुर्यानी,

सलाम. तुझं उत्तर नाही. टपालाचा घोळ असेल.

माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. नवी साखळी आणली, खुणेला खूण जुळवली, सगळं बंद केलं. साखळी ताणून धरणारा टेन्शनर मात्र जुनाच ठेवला, दिसायला चांगला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे, इंजिन थंडगार असताना चावी फिरवली. खडखडखड! तीन सेकंद. ऑइल वर चढलं की गप्प.

डब्यात खिळे हलवल्यासारखं, हेच तू म्हणायचीस ना? जानेवारीपासून म्हणत होतीस. अकरा वर्षं पहाटे गाडी गरम करायचं काम तुझं. माझा नमाज, अंघोळ, कॉफी उरकेपर्यंत इंजिन तापून शांत झालेलं असायचं. त्यामुळे मला कधी ऐकूच आलं नाही. आणि जे मला ऐकू येत नाही ते नसतंच, असं मी धरून चाललो. "बायकांना सगळ्यातच आवाज येतात," असं जुमादींच्या देखत म्हणालो होतो. तू टेंपेचे काप तळत राहिलीस.

असो. नवा टेन्शनर आणला. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. आता खडखड थांबेच ना. पाना भिंतीवर फेकला, कोंबडी दोन दिवस घरात आली नाही. तिसऱ्यांदा उघडलं तर काय! नव्या टेन्शनरला दाबून धरायला एक बारीक पिन घालून देतात, बसवल्यावर ती उपसायची असते. मी उपसलीच नव्हती. चोवीस वर्षं स्वतःच्या गाड्या स्वतः दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही अक्कल! जुमादी हसून हसून कुंपणाला टेकले.

पिन काढली, खडखड गेली. पण इंजिन ताप भरल्यासारखं थरथरतंय. चारपैकी एक सिलिंडर मेलेला आहे. का, ते बघतो.

चाळिसाव्याला गाडी घेऊनच येईन.

वागिमान


मलांग,
१२ मे

वुर्यानी,

सलाम. वरचं झाकणही काढलं. एका सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह वाकलेत. साखळी सरकल्यावर चावी फिरवत राहिलं की असं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी वीस-पंचवीस वेळा फिरवली. पहिल्यांदा बंद पडली तेव्हाच हात काढून घेतला असता तर कदाचित साखळीवर निभावलं असतं. ऑइलवाल्याचा काही दोष नाही. आठ महिने मी ऑइल बदललंच नव्हतं.

पण मला लिहायचंय ते हे नाही. तीन पत्रं झाली, मी इंजिनातच तोंड खुपसून बसलोय.

त्या सकाळी घरून निघतानाच तू म्हणाली होतीस, "बसने जाऊ." मी ऐकलं नाही. साडेनऊला गाडी बंद पडली, तू बसला हात केलास, मी तो खाली ओढला. "दहा मिनिटं थांब," म्हणालो. मग तुला समोरच्या टपरीवर पाणी आणायला पाठवलं. रेडिएटरला पाणी नको होतं, वुर. तुझं बघत राहणं मला सहन होत नव्हतं.

तू तिकडे असताना सीटवर तुझा फोन वाजला. तेगुह होता. म्हणाला, "भावजी, कुठवर आलात? बाबांना अकराला माती द्यायचीय. मोटरसायकल घेऊन निघू का? ताईला पाऊण तासात पोचवतो."

मी म्हणालो, "नको नको. झालीच सुरू. आम्ही येतोच."

तू पाणी घेऊन परत आलीस. मी तुला सांगितलं नाही. पुन्हा चावी फिरवत बसलो. धाकट्या मेहुण्याने येऊन मला बंद गाडीजवळून सोडवावं, हे मला झेपलं नाही. बस्स, एवढ्यासाठी.

माझ्या शब्दावर त्यांनी आणखी अर्धा तास वाट पाहिली. मग इमामसाहेब थांबेनात. आपण भाजीच्या ट्रकमधून एकला पोचलो तेव्हा माती ओली होती. तू तेगुहची गचांडी धरून ओरडलीस, "बहिणीला तोंड बघू दिलं नाहीस! एक फोन करता आला नाही तुला?" त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं. चारचौघांत भावजींची लाज जाऊ नये म्हणून तो गप्प राहिला. आजही गप्प आहे आणि तू त्याचं तोंड बघत नाहीस. त्याने फोन केला होता, वुर. फोन केला होता त्याने.

माफी कशाच्या तोंडावर मागू? बाबांचा चेहरा मी तुला आणून देऊ शकत नाही. तुझा भाऊ तेवढा परत देता येतो, तो देतोय. हे पत्र त्याला दाखव. नाही दाखवलंस तर चाळिसाव्याच्या प्रार्थनेनंतर, चटईवर बसलेल्या सगळ्यांसमोर मी स्वतः सांगेन.

तू माझ्याबरोबर परत यावंस असं मी म्हणत नाही. ते तू ठरव.

गाडी अंगणात उघडी पडली आहे. जुमादींनी विचारलं, "मग, कशी जाणार स्वारी?" मी सांगितलं. या खेपेला ते हसले नाहीत.

पंधरा तारखेला पहाटेच्या पहिल्या बसने येतो. त्या दिवशी तू हात केला होतास, त्याच वाटेच्या.

तुझं न ऐकलेला,
वागिमान