पहिल्या पंगतीचा पाट

मी, राधाबाई भ्रतार कै. बुधाजी घाडी, वय सुमारे अठ्ठावन्न, धंदा खाणावळ, राहणार खोली नंबर नऊ, हरचेकर चाळ, भोईवाडा, परळ, मुंबई, आज राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र करून ठेवते. गाठ पोटात आहे, डोकं शाबूत आहे. इस्पितळातल्या डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतचा वायदा दिलाय, तोही दबक्या आवाजात. कोणी मला भरीला घातलेलं नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून कोर्टातले निवृत्त कारकून शामराव कर्णिक हे लिहून घेत आहेत. मी बोलते तसंच लिहायचं, असं त्यांच्याकडून आधी कबूल करून घेतलं आहे.

कलम पहिले. खोली घरमालकाची, पण भाड्याची पावती माझ्या नावाची. ती माझा मुलगा जगदीश याच्या नावावर व्हावी. जगदीश मिलमध्ये कापडाच्या साच्यावर आहे, सरळ मुलगा आहे, दारूला शिवत नाही. फक्त बायको जेवली की नाही हे विचारायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नाही. कोणी म्हणजे मीच.

कलम दुसरे. गावचं घर आणि दारातले दोन माड धाकटे दीर रामजी यांच्याकडेच राहावेत. वीस वर्षांत त्यांनी एक नारळ धाडला नाही, तर आता काय धाडणार! त्यांच्यावरचा राग मी सोडला आहे. अर्धा तरी सोडला आहे.

कलम तिसरे. माझ्या कानांतल्या कुड्या सुनेला, सुभद्राला. पोस्टातली शिल्लक तिच्या बाळंतपणाला. ते पैसे माझ्या तेराव्याला खर्च करू नयेत. तेराव्याला बुंदी नको, नाचणीची भाकरी आणि माठाची भाजी करा. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी घरी मुरडावं.

कलम चौथे. हे सांगताना मी दोनदा थांबले, शामरावांनी दोनदा पाणी दिलं.

माझी मुलगी शेवंती छप्पन्न सालच्या जानेवारीत बाळंतपणात गेली. तेव्हा मुंबईत गोळीबार चालू होता, परळ-लालबागला संचारबंदी होती. सगळी चाळ म्हणते, शेवंतीला संचारबंदीने खाल्ली, वेळेवर इस्पितळ मिळालं नाही. चाळीच्या जिन्यात जी फळी लावली आहे, तिच्यावर गोळीने गेलेल्या मुलांच्या खाली तिचंही नाव रंगवलं आहे. दर जानेवारीत तिथे हार पडतो, आणि मी खाली मान घालून उभी राहते. लोकांना वाटतं, बाई दुःखाने वाकली.

ते खोटं आहे. आमच्याकडे जेवणारा धोंडू मेस्त्री आणि खाणावळीतल्या आणखी तिघांनी दाराची फळी काढून तिच्यावर शेवंतीला निजवली, पांढरं फडकं वर धरलं आणि गल्ल्यागल्ल्यांतून नेली. पोलिसांनी अडवलं नाही. उलट एकाने काठीने वाट दाखवली. आम्ही वेळेत पोचलो होतो. तिथल्या नर्सबाईने तिच्या पापण्या उलटून बघितल्या आणि मला विचारलं, "हिच्या अंगात रक्तच नाही. घरात खायला नव्हतं का?"

बावीस माणसं जेवतात माझ्या घरात. दोन वेळा. मी काय सांगणार तिला?

आमच्याकडे पोटुशीला कमी वाढतात. पोर पोटात वाढलं तर बाळंतपण जड जातं, असं माझ्या सासूने मला सांगितलं, तिला तिच्या सासूने. शेवंती सातव्या महिन्यात माहेरी आली. पहिलटकरीण, अंगाने किरकोळ, मला भीती वाटली. म्हणून मी तिला वेळेला एकच भाकरी ठरवून दिली, वर कढीचं पाणी. तेही पंगती उठल्यावर, भाताच्या तोपाची खरवड निघेल तेव्हा. ती म्हणायची, "आये, आणखी अर्धी दी गो." मी म्हणायची, "गप ऱ्हव. पोर वाढला तर सुटका कशी होतली?" गुळाचा डबा तिचा हात पोचू नये म्हणून मी माळ्यावर टाकला. डबा मी टाकला, माझ्या या हातांनी.

ती गेली. पोर एक दिवस जगलं. अगदी बारीक होतं. तसंच हवं होतं ना मला.

तेरावं झाल्यावर तिची गोधडी उन्हात घालायला काढली, तर घडीतून अर्धी भाकरी पडली. वाळून कडकडीत झालेली. माझ्या घरात माझ्या लेकीने माझ्याच हातची भाकरी चोरून ठेवली होती, आणि खायच्या आधी तिला कळा सुरू झाल्या. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. जगदीशलाही नाही. जगदीशा, बाबा, तू हे आता ऐकतोयस. रागाव, पण ऐक.

म्हणून चाळीच्या कमिटीला माझी विनंती अशी की शेवंतीचं नाव फळीवरून काढावं. ती मुलं छातीवर गोळी घेऊन गेली. माझ्या चुकीवर त्यांचं पांघरूण नको. पुढच्या रविवारी आपलं राज्य येतंय, जिना रंगवायला काढला आहेच. तेवढी एक ओळ रंगवून टाका.

कलम पाचवे. सुभद्राला सहावा महिना आहे. तीही शेवटी जेवते, चुलीपाशी, उभ्याने, जे उरेल ते. तिला ते मीच शिकवलं, लग्नाच्या पहिल्या आठवड्यात. आता मी रोज म्हणते, "बाय, आधी तू जेव." ती हसते आणि म्हणते, "पंगत होऊ दे, आये." सासू जेव म्हणते आणि सून खरोखर बसते, असं आमच्यात कधी झालेलं नाही. तिला वाटतं मी परीक्षा बघते. परवा मी जरा ओरडले, तर त्या दिवशी तिने अर्धीच भाकरी खाल्ली. मग माझ्या ध्यानात आलं, माझ्या तोंडाला आता किंमत नाही, सरकारी कागद हवा.

सबब, माझ्या कै. पतींचा सागवानी पाट, ज्यावर ते आणि त्यांच्यामागे जगदीश पहिल्या पंगतीला बसत आले, तो मी सुभद्राला देते. खाणावळीची भांडी, परात, जातं आणि चालू धंदाही तिलाच देते. अट एकच. तिने रोज त्या पाटावर, पहिल्या पंगतीत, सगळ्यांसोबत बसून जेवायचं. ताटात नाचणीची भाकरी, एक पालेभाजी, कुळथाची पिठी नाहीतर डाळ, आणि मासळी असेल त्या दिवशी मधला तुकडा. डोकं-शेपूट गड्यांना वाढा, ते काही मरत नाहीत. संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. भुकेवर चहा मारायचा नाही. शिळं खायचं नाही. गुळाचा डबा मी माळ्यावरून उतरवून तिच्या हाताशी ठेवला आहे, तो वर जाता कामा नये. बाळंतपणानंतरही हेच, आणि मुलगी झाली तर तिलाही हेच.

अट मोडली, तर सगळी भांडी समोरच्या चाळीतल्या खाणावळवाल्या शैलाबाईला जावीत. ही तीच शैलाबाई, जी माझ्या आमटीत सोडा असतो म्हणून नाक्यावर सांगत फिरली. तिच्या चुलीवर माझा तोप चढलेला सुभद्राला बघवेल का, ते तिने ठरवावं. लक्ष ठेवायला धोंडू मेस्त्री आहे. तेवीस वर्षं माझ्याकडे जेवतो, फुकट एक काम केलं तर झिजणार नाही.

शामराव म्हणाले, "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. तोवर अट कशी लागेल?"

बाकीची कलमं खुशाल मी गेल्यावर लागू दे. हे आजपासून.

"तसं कायद्यात बसत नाही हो."

मग मी अंगठा देत नाही. हेही लिहा.

त्यांनी लिहिलं. आज रविवार, मिल बंद, पंगत बाराची. पानं मांडलेली असताना शामरावांनी वरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. चौथं कलम आलं. जगदीश उठून गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून उभा राहिला. धोंडूने दाराच्या फळीचं ऐकल्यावर खांद्यावरच्या पंच्याने तोंड झाकलं. शेवंतीच्या डोक्याकडची बाजू त्याने धरली होती. सुभद्रा चुलीपाशी पदर तोंडाला लावून उभी.

मग धोंडू उठला, पाट उचलून पंगतीच्या तोंडाशी मांडला आणि म्हणाला, "बस गो बाय. नायतर तोप शैलाबायकडे जातलो." कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्यात ती बसली.

जगदीश आत आला. माझ्याशी बोलला नाही. बोलेल तेव्हा बोलेल. पण त्याने परात घेतली आणि पहिली भाकरी बायकोच्या ताटात वाढली. तिने घास मोडला, थांबली, माझ्याकडे बघितलं. मी तिच्या शेजारी जमिनीवर टेकले. माझ्या पोटात आता पेजेचा घोटही ठरत नाही, पण मी वाटी तोंडाला लावली. बायका पंगतीला बसल्या तर अन्न कोणाच्याच घशात अडकत नाही, एवढं मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. भाकरी संपली. ती ताटातल्या बांगड्याचा काटा उगाच सारखा करत बसली होती. मी परात जवळ ओढून ठेवली. मागायला मात्र तिनेच हवं होतं.

खाली मान घालूनच ती म्हणाली, "आये, आणखी अर्धी वाढा."

मी वाढली. आता शाई आणा.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: राधाबाई भ्रतार बुधाजी घाडी

वरील अंगठा बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत आणि सूनबाईंचे जेवण पुरे झाल्यावर उठवला, म्हणून सह्या:

१. धोंडू सखाराम मेस्त्री, राहणार भोईवाडा
२. बाबुराव गणू परब, राहणार नायगाव

लिहून घेणार: शामराव कर्णिक

मुक्काम परळ, मुंबई. रविवार, ता. २४ एप्रिल १९६०