वहिनींचं पाणमांजर आणि माझं कडं

डुलुथ, सोमवार

सौ. व्हर्नावहिनींना धाकट्या दिराचा, आर्विडचा, मान खाली घालून नमस्कार. आयनारदादाचा गुडघा कसा आहे? बर्फावर मासे धरताना त्याने तो पुन्हा दुखावून घेतला नसेल अशी आशा आहे (घेतला असणारच). मी बरा आहे. लोक माझ्याशी बोलतात, पण तोंडदेखलं.

तुमच्या तळ्यावरच्या केबिनमध्ये नेट नाही म्हणून कागद खरडतोय. आपल्या 'ऑटर' या संगणकप्रणालीबद्दल सांगायचंय. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर काढलेलं, पाठीवर पहुडलेलं ते तिच्या नावाचं पाणमांजर, संगणक सुरू करताच पहिलं दर्शन देणारं, ते मी काढून टाकलं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या माणसाचे हात शिवशिवतात हो. हल्ली सगळ्यांची चिन्हं कशी साधी, गुळगुळीत, आणि आपल्या मांजराला नुसत्या मिशाच बावीस! म्हणून आधी मिशा उडवल्या, मग पंजे, मग शेपूट. शेवटी उरलं एक निळं कडं, एका जागी तुटलेलं. (ती फट म्हणजे शेपटीची आठवण, असं मी टिपणात लिहिलं. लिहिताना लाज वाटली नाही.)

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांनी मिळून फुकट चालवलेली ही प्रणाली, मालक कुणी नाही. सूचना सगळ्यांना पाठवायची, तीन दिवसांत हरकत आली नाही की मंजूर. हरकत आली नाही. जिची यायची ती तळ्यावर होती. आणि वहिनी, ते मला ठाऊक होतं. तेच तीन दिवस मी निवडले.

चाचणीची आवृत्ती वाचनालयात बसवली. लोकांना वाटलं, यंत्र विचार करतंय, आता कडं फिरेल. ते फिरेना. अर्ध्या मिनिटात सुरू होणारे संगणक लोक विसाव्या सेकंदालाच बंद करून पुन्हा चालू करत बसले, सकाळभर. ग्रंथपाल मार्गिट माझ्यावर ओरडली, "आर्विड, तुझं कडं अडकलंय रे बाबा!" म्हटलं, अगं, ते फिरायचं नसतंच, ते चिन्ह आहे. "मग तसं खाली लिहून लाव! आणि व्हर्नाचं मांजर कुठे पळवलंस?" मी सगळ्यांना वाटायला रुबार्बचा गोड पाय भाजून नेला होता, तो गाडीत बसून एकट्यानेच संपवला.

पाटीवरचा जुना रंग खरवडताना मी नेहमी आधी मालकाला विचारायचो. इथे मालक नाही, म्हणून विचारलंच नाही. पण रेघ तर तुमची होती.

दादाला नमस्कार.

तुमचा,
आर्विड

ता. क. शुक्रवारी अंतिम आवृत्ती बाहेर पडते. मंजूर सूचना मांडणाऱ्याला मागे घेता येत नाही, त्या वेळी गैरहजर असलेल्याची हरकत मात्र नंतरही चालते. (नियम माझाच. तेव्हा स्वतःला फार हुशार समजत होतो.) गुरुवारच्या आत पेट्रोलपंपापर्यंत या, तिथे नेट मिळतं, आणि माझ्याविरुद्ध हरकत घ्या.

ता. क. २. हरकतीचा मसुदा सोबत जोडलाय. 'आर्विडने हे माझ्या पाठीमागे केलं' हे वाक्य मीच घातलंय. दया येऊन ते खोडू नका.