पेटी कुठं जाते

इझेव्हस्क, रशिया
१२ सप्टेंबर २०२५

ती. अंजनाताईस,
ऋतिकचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. मी बरा आहे. पहाटे थंडी अशी की स्वतःचं नाकसुद्धा आपलं वाटत नाही. कलाश्निकोव्ह बंदुकीच्या कंपनीत पॅकिंगला आहे, पेट्यांना खिळे ठोकतो. कॉलेज सोडलं म्हणून हसणाऱ्या आपल्या बोरीच्या गाववाल्यांना सांग, डिसेंबरात परमनंट होतोय.

निमगाव साव्याच्या कुंडलिकतात्यांना लेकीसाठी, संस्कृतीसाठी, कंपनीतलाच पोरगा पाहिजे ना? मग ही काय पिठाची गिरणी आहे? चाकणचं स्थळ आलंय म्हणे तिला. ताई, ते थांबव. माझ्याबरोबर कामाला असलेला सूरज सुट्टीवर येतोय, त्याच्याकडं तात्यांसाठी की-चेन दिलीय, पितळी, हुबेहूब बंदुकीची गोळी. मिलिटरीतला माणूस, लई खूश होईल. तू स्वतः नेऊन दे. भाऊजींना पाठवू नकोस, ते कांद्याच्या गप्पा मारून परत येतील.

लोभ आहेच, तो चाकणकडं वळू देऊ नकोस.
तुझा ऋतिक


महाळुंगे पडवळ
३ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतिकला अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तुझे भाऊजी तेवढे रुसलेत, तू कांद्यावरून बोललास म्हणून.

खंडेनवमीला निमगाव साव्याला गेले. तात्या ओट्यावर विळे, कुदळी, फवारणीचा पंप मांडून हळदकुंकू वाहत होते. मला वाटलं, बरा मुहूर्त साधला. की-चेन हातात दिली. त्यांनी ती बोटांत फिरवली आणि लेंगा वर सरकवला. मांडीला लिंबू बसेल एवढा खड्डा. म्हणाले, काश्मीरात मला लागली ती याच मापाची व्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत संस्कृती चहा गाळत होती, तिचा हात तिथंच थांबला.

रागावले नाहीत रे. की-चेन पूजेत न मांडता उंबऱ्याबाहेर ठेवली. म्हणाले, तुझा भाऊ खिळे ठोकतो ती पेटी पुढं कुठं जाती, एवढं त्याला विचार. उत्तर आलं की चाकणवाल्यांचं बघू. दिवाळीनंतर त्यांच्याशी सुपारी फोडायचं चाललंय.

डोकं थंड ठेवून लिही, बाबा. जीव टांगणीला आहे, माझाही.
तुझी ताई


इझेव्हस्क
९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस, शि. सा. न.

डोकं थंडच आहे, इथं सगळंच थंड आहे. पण तात्यांना विचार, असलीच बंदूक आपल्या जवानांच्या हातात नाय का? त्यांच्या उसाची साखर कुणाच्या चहात पडती, विचारतं का कुणी? चाकणचा तो पोरगा गाड्यांना ब्रेक बसवतो. त्याला विचारलं का, कुठली गाडी कुणाच्या अंगावर गेली? मग मलाच का? डिग्री नाय म्हणून?

हे वरचं रागात लिहिलं आणि पाठवायचं राहिलं. आता त्याच कागदावर खाली लिहितोय.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पेट्यांवरचे शिक्के बघायला लागलो. अक्षरं येत नाहीत. मुकादमाला मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, ही कुठं चालली? तो हसला आणि बाहेर उभ्या ट्रककडं बोट दाखवलं. तेव्हापासून हातोडा नीट पडेना. काल अंगठ्यावरच बसला, नख गेलं.

ताई, पेटी कुठं जाते मला माहीत नाय. तात्यांना एवढंच सांग. उसाचं सांगू नकोस. परमनंटचा कागद सहीसाठी आलाय, तो उशाखाली आहे. संस्कृतीला सांग की... नको, काही सांगू नकोस.

माया कमी करू नकोस, एवढं मागतो.
ऋतिक


महाळुंगे पडवळ
१८ ऑक्टोबर २०२५

चि. ऋतिकला आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र तात्यांना वाचून दाखवलं, उसासकट. उसाला ते हसले. शेवटचं मात्र पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, एवढी वर्षं बंदूक चालवली, माझ्या गोळ्या कुठं गेल्या मला तरी कुठं म्हाईत हाय?

चाकणवाल्यांना त्यांनी एवढ्यात नको म्हणून कळवलंय. तुला हो म्हटलेलं नाही, हवेत जाऊ नकोस. परमनंट होऊन आला तर दारात उभा करणार न्हाई, ते काम सोडून रिकाम्या हातानं आला तर बसून बोलू, असं म्हणाले. की-चेन अजून उंबऱ्याबाहेरच आहे. फेकतही नाहीत, आत घेतही नाहीत.

उशाखालच्या कागदाचं तू ठरव. मी सांगितलं की तू उलटंच करतोस.

निघताना संस्कृती एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत आली. तुझं नावसुद्धा काढलं नाही. गाडी दिसल्यावर खाली बघून एवढंच विचारलं, अंगठा अजून दुखतो का?

मी म्हटलं, मला काय माहीत, तो आला की त्यालाच विचार.

वाट बघणारी,
अंजनाताई