टिटवीने यंदा दगा दिला

मु. बोरगाव, ता. सौसर

आदरणीय सुखदेवराव यांस यशवंतरावचा रामराम. नागपुरास आपली व वहिनींची प्रकृती ठीक असावी. इकडे मंडळी, बैल आणि संत्र्याची झाडं कुशल आहेत. आपल्या बहिणीच्या, आमच्या वच्छलाच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आपण खटपट करून मृगाच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळवलीत, हे उपकार मी विसरणार नाही. (त्याबद्दल खाली लिहितोच.)

यंदा पावसाचं काही खरं नाही. कपाशी पेरायची, सरकी टोबायची तर आधी गाव मला विचारतं, हे आपण जाणताच. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, नाल्यात घातली तर पावसाची ओढ. वडिलांपासून हा हिशेब चुकला नाही. यंदा एकीने शेताच्या उंच धुऱ्यावर घातली आणि दुसरीने नाल्यात. (दोघी एकमेकींशी बोलत नसाव्यात.) मग कावळा पाहिला. त्याचं घरटं आंब्यावर असलं तर साल चांगलं, बाभळीवर असलं तर वाईट. आमच्याने ते मोबाइलच्या टॉवरवर केलं, तेही तारांचं. टॉवरबद्दल जुनी माणसं काही सांगून गेली नाहीत. शेवटी मुंग्या अंडी घेऊन निघालेल्या दिसल्या आणि मी जाहीर केलं, दोन दिवसांत पाऊस. शेजारच्या गजेंद्रने लगेच सरकी टोबली. नंतर कळलं, आमच्या सूनबाईंनी, उर्वशीने, मुंग्यांच्या बिळात पावडर टाकली होती. गजेंद्रचं बी वाळून गेलं. भेटला की रामराम घालतो आणि आभाळाकडे पाहतो. मला फार वाईट वाटतं, सुखदेवराव. जेवण गोड लागत नाही.

असो. वहिनींना नमस्कार.

आपला,
यशवंतराव

ता. क. ऑपरेशन दिवाळीपर्यंत पुढे ढकलता येईल का, डॉक्टरांना विचारावं. पाखरांचं मी लोकांना सांगतो, पण खरं म्हणजे ढग आले की मी वच्छलालाच विचारतो, "गुडघा दुखून राहिला का?" ती हो म्हणाली की पाऊस येतोच. नव्या गुडघ्यालाही हे समजेल अशी डॉक्टर हमी देत असतील, तर माझी हरकत नाही.

आणखी एक. यातलं तिला काही कळू देऊ नये. मला शेतावर जायचं असल्याने पत्र डाकेत टाकायला तिच्याजवळच देतो आहे.

भाऊ, मी वच्छला. पाकिटाले गोंद लावाचं हे इसरले. तारीख बदलवू नोको, मी बॅग भरून ठेवली. गुडघा तर बाराही महिने दुखते. हे ढग आल्यावरच इचारतात.